भगतसिंग थिंद : तीन वेळा मिळवलेले नागरिकत्व

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी १९२३ रोजी एकमताने निर्णय दिला की, अमृतसर जिल्ह्यात जन्मलेला आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याचा गणवेश परिधान केलेला एक शीख तरुण त्या देशाचा नागरिक होण्यास पात्र नाही. त्याच्या वर्तनाविषयी तक्रार नव्हती आणि सैन्यातून त्याला सन्मानपूर्वक निरोप मिळाला होता. तो गोरा नाही, एवढे एकच कारण निकालासाठी पुरेसे ठरले. त्या तरुणाचे नाव भगतसिंग थिंद. हुतात्मा भगतसिंग यांच्याशी असलेल्या नामसाम्यामुळे भारतात त्यांचा उल्लेख क्वचितच स्वतंत्रपणे होतो. अमेरिकेतील नागरिकत्वाच्या इतिहासात मात्र त्यांच्या नावाचा खटला आजही विधी महाविद्यालयांतून अभ्यासला जातो.

थिंद यांचा जन्म ३ ऑक्टोबर १८९२ रोजी अमृतसर जिल्ह्यातील तारागढ या गावी झाला. अमृतसरच्या खालसा महाविद्यालयात शिकत असताना इमर्सन, थोरो आणि व्हिटमन या अमेरिकी लेखकांच्या विचारांची त्यांना ओढ लागली. ज्या देशात असे विचार जन्मले तो देश पाहावा आणि तेथे शिक्षण घ्यावे, या इच्छेने त्यांनी घर सोडले. फिलिपाइन्समधील मनिला येथून आगबोटीने निघून जुलै १९१३ मध्ये ते वॉशिंग्टन राज्यातील सिएटल बंदरात उतरले. तेव्हा ते विशीत होते.

पुस्तकांतून भेटलेली अमेरिका आणि पॅसिफिक किनाऱ्यावरची अमेरिका यांत बरेच अंतर होते. सहा वर्षांपूर्वी, सप्टेंबर १९०७ मध्ये, त्याच राज्यातील बेलिंगहॅम गावात गोऱ्यांच्या जमावाने लाकूड गिरण्यांत काम करणाऱ्या शेकडो भारतीय मजुरांना त्यांच्या बिऱ्हाडांतून ओढून काढून गावाबाहेर घालवले होते. आशियाई लोकांना देशात येऊ देऊ नये, यासाठी संघटना स्थापन झाल्या होत्या. भारतीय मनुष्य शीख असो, मुसलमान असो वा हिंदू, तेथील कागदपत्रांत आणि वृत्तपत्रांत त्याला सरसकट हिंदूच म्हटले जाई. थिंद यांनीही इतर पंजाबी तरुणांप्रमाणे ओरेगॉन राज्यातील लाकूड गिरण्यांत काम केले आणि त्या कमाईवर शिक्षणाचा खर्च भागवला.

हा काळ गदर चळवळीच्या उदयाचा होता. ओरेगॉनमधील अॅस्टोरिया आणि आसपासच्या गिरण्यांमधील मजुरांच्या सभांतूनच १९१३ मध्ये या चळवळीची संघटना उभी राहिली. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे याच राज्यात कृषिशास्त्राचे शिक्षण घेत असताना या कार्यात ओढले गेले. पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथून अभियांत्रिकी शिकण्यासाठी अमेरिकेस गेलेले विष्णू गणेश पिंगळे मायदेशी परतले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्यासह फासावर चढले. थिंद यांचा गदरच्या काही पुढाऱ्यांशी स्नेह होता आणि हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा ते उघडपणे पुरस्कार करीत. पुढे न्यायालयात हाच मुद्दा त्यांच्याविरुद्ध वापरण्यात आला.

अमेरिका महायुद्धात उतरल्यावर थिंद जुलै १९१८ मध्ये तिच्या सैन्यात दाखल झाले. वॉशिंग्टन राज्यातील कॅम्प लुईस या छावणीत त्यांची नेमणूक झाली. डोक्यावर पगडी, अंगात अमेरिकी लष्कराचा गणवेश आणि हातात बंदूक अशा वेशातील त्यांचे छायाचित्र आजही उपलब्ध आहे. पगडी न उतरवता अमेरिकी सैन्यात सेवा करणारे ते पहिले शीख मानले जातात. नोव्हेंबरमध्ये युद्ध थांबले, त्या सुमारास त्यांना हंगामी सार्जंट करण्यात आले होते. १६ डिसेंबर १९१८ रोजी उत्तम वर्तनाचा शेरा घेऊन ते सैन्यातून मुक्त झाले.

सैन्यात असलेल्या परदेशी व्यक्तींना त्वरेने नागरिकत्व देण्याची तरतूद त्याच वर्षी झाली होती. तिचा लाभ घेऊन थिंद यांनी अर्ज केला. ९ डिसेंबर १९१८ रोजी, गणवेशात असतानाच, त्यांना वॉशिंग्टन राज्यात नागरिकत्वाचा दाखला मिळाला. अवघ्या चार दिवसांत तो काढून घेण्यात आला. ते गोरे नसल्याने कायद्यानुसार पात्र नाहीत, अशी नागरिकत्व खात्याची भूमिका होती.

या भूमिकेचे मूळ १७९० च्या कायद्यात होते. अमेरिकी संसदेने त्या वर्षी नागरिकत्वाचा अधिकार केवळ मुक्त गोऱ्या व्यक्तींपुरता ठेवला. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही तो देण्यात आला. आशियातून आलेले लोक मात्र या दोन्ही वर्गांच्या मधल्या पोकळीत राहिले. गोरा म्हणजे कोण, याची व्याख्या कायद्याने कोठेच केलेली नव्हती. त्यामुळे प्रत्येक न्यायाधीश आपापल्या समजुतीप्रमाणे निर्णय देत असे. कोणी कातडीचा रंग पाहत, कोणी मानववंशशास्त्राचे ग्रंथ उघडत, तर कोणी जुन्या निकालांचा आधार घेत. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बालसरा यांना न्यूयॉर्कमध्ये मिळालेले नागरिकत्व १९१० मध्ये तेथील अपील न्यायालयाने कायम केले होते. अक्षयकुमार मजुमदार या बंगाली गृहस्थांनाही १९१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यात ते मिळाले होते. भारतीयांच्या बाजूने असे निकाल असल्याने थिंद यांची आशा निराधार नव्हती.

त्यांनी शेजारच्या ओरेगॉन राज्यात पुन्हा अर्ज केला. सरकारी अधिकाऱ्यांनी गदर पक्षाशी असलेल्या संबंधांचा मुद्दा काढला. जिल्हा न्यायाधीश चार्ल्स वुल्व्हर्टन यांनी पुरावा तपासला. आपल्या मायदेशाचे स्वातंत्र्य इच्छिणे हा अमेरिकेशी द्रोह ठरत नाही, असे त्यांचे मत पडले. सैन्यातील सेवा आणि थिंद यांचे वर्तन लक्षात घेऊन १८ नोव्हेंबर १९२० रोजी त्यांनी नागरिकत्व बहाल केले. हा थिंद यांना मिळालेला दुसरा दाखला. सरकारने त्यावर अपील केले. अपील न्यायालयाने स्वतः निर्णय न देता दोन प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवले. अमृतसरला जन्मलेला, शुद्ध भारतीय रक्ताचा उच्चवर्णीय हिंदू कायद्याच्या दृष्टीने गोरा ठरतो काय, हा पहिला प्रश्न. आशियाच्या मोठ्या भागातून होणारे आगमन रोखणाऱ्या १९१७ च्या कायद्यामुळे, त्यापूर्वी कायदेशीर मार्गाने आलेल्या अशा व्यक्तीचा नागरिकत्वाचा हक्कही जातो काय, हा दुसरा.

हे प्रकरण सुनावणीस येण्यापूर्वी त्याच न्यायालयाने आणखी एक निकाल दिला होता. ताकाओ ओझावा हे जपानमध्ये जन्मलेले गृहस्थ तरुणपणापासून अमेरिकेत राहत होते. त्यांचे शिक्षण तेथेच झाले होते आणि घरात इंग्रजीच बोलली जात होती. आपली कातडी अनेक युरोपीयांइतकीच उजळ आहे, असा त्यांचा दावा होता. १३ नोव्हेंबर १९२२ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. गोरेपणा कातडीच्या छटेवर ठरत नाही, गोरी व्यक्ती म्हणजे कॉकेशियन वंशाची व्यक्ती, आणि जपानी मनुष्य त्या वंशाचा नाही, असे कारण देण्यात आले. निकालपत्र न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी लिहिले होते. सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मले होते आणि बालपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आले होते.

थिंद यांच्या वकिलांना या निकालात आपला विजय दिसला. तत्कालीन मानववंशशास्त्र उत्तर भारतीयांना कॉकेशियन वंशातच गणत असे. गोरा म्हणजे कॉकेशियन, पंजाबी माणूस कॉकेशियन, म्हणून पंजाबी माणूस गोरा, असा सरळ अन्वय त्यांनी लावला. थिंद यांची बाजू मांडणाऱ्यांत सखाराम गणेश पंडित हे कॅलिफोर्नियातील भारतीय वकील होते. त्यांनी १९१४ मध्ये अमेरिकी नागरिकत्व मिळवले होते आणि १९१७ पासून ते तेथे वकिली करीत होते. सरकारच्या वतीने सॉलिसिटर जनरल जेम्स बेक यांचे कार्यालय उभे होते.

या युक्तिवादाला एक काळी बाजू होती. पंजाबातील उच्चवर्णीयांनी आर्य रक्त शुद्ध राखले आहे, जातिबंधनांमुळे इतरांशी त्यांचा संकर झालेला नाही आणि मूळ रहिवाशांकडे ते गोरा अमेरिकी कृष्णवर्णीयाकडे पाहतो त्याच दृष्टीने पाहतात, असे न्यायालयापुढे मांडण्यात आले. वंशावर आधारलेला कायदा मुळातच अन्याय्य आहे, असे म्हणण्याची वाट त्या काळी जवळजवळ बंद होती. कायदा मान्य करून त्याच्या आत आपली जागा शोधणे, एवढाच मार्ग वकिलांना दिसत होता. तरीही स्वतःच्या हक्कासाठी दुसऱ्याच्या हीनत्वाचा आधार घेतला गेला, ही गोष्ट लपत नाही. ज्या १९१३ च्या उन्हाळ्यात थिंद सिएटलला उतरले, त्याच उन्हाळ्यात भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोहोचले होते. तीन वर्षांनी त्यांनी तेथे जातिसंस्थेची उत्पत्ती आणि तिचे स्वरूप यांवर निबंध वाचला. एकाच देशात, एकाच दशकात, एक भारतीय जातीची चिकित्सा करीत होता आणि दुसऱ्याच्या वकिलांना तीच जात उपयोगाचा पुरावा वाटत होती.

सर्वोच्च न्यायालयात जानेवारी १९२३ मध्ये सुनावणी झाली. सरन्यायाधीशपदी माजी राष्ट्राध्यक्ष विल्यम हॉवर्ड टाफ्ट होते. भाषणस्वातंत्र्याचे कैवारी म्हणून गाजलेले ऑलिव्हर वेंडेल होम्स आणि लुई ब्रँडाइस हेही न्यायपीठावर होते. निकालपत्र याही वेळी सदरलँड यांनीच लिहिले आणि कोणीही भिन्नमत नोंदवले नाही.

तीन महिन्यांपूर्वी ज्या शास्त्रीय वर्गीकरणाचा आधार घेतला होता, तोच आता सोडून देण्यात आला. कायद्यातील शब्द पंडितांचे नसून सामान्य माणसाचे आहेत, म्हणून त्यांचा अर्थही सामान्य अमेरिकी माणूस लावील तोच घ्यावा लागेल, असे न्यायालयाने म्हटले. आर्य हा शब्द भाषाकुळाचा निदर्शक आहे, वंशाचा नव्हे. उत्तर युरोपातील माणूस आणि भारतीय यांचा अतिप्राचीन काळी एक पूर्वज असेलही, परंतु आज त्या दोघांत असलेला फरक कोणालाही दिसतो. युरोपातून आलेल्यांची मुले समाजात मिसळून जातात, भारतीयांच्या मुलांचे वेगळेपण मात्र टिकून राहते, असेही कारण देण्यात आले. यात श्रेष्ठ-कनिष्ठतेचा प्रश्न नाही, केवळ भेदाचा आहे, असा खुलासा न्यायालयाने केला. १९१७ च्या कायद्याने भारतीयांचे आगमनच रोखले असताना संसदेला त्यांना नागरिक करायचे असेल, हे संभवत नाही, असेही सांगण्यात आले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आल्यावर दुसऱ्याचा विचार करण्याची गरज उरली नाही.

ओझावा शास्त्राच्या निकषावर हरले आणि थिंद लोकसमजुतीच्या निकषावर. दोन्ही निकाल एकत्र ठेवले की आशियाई माणसाला कोणत्याही दाराने आत येता येणार नाही, अशी व्यवस्था पूर्ण झाली.

या निकालाचा फटका एकट्या थिंद यांना बसला नाही. ज्या भारतीयांना पूर्वीच नागरिकत्व मिळाले होते, त्यांचे दाखले रद्द करण्यासाठी सरकारने खटले सुरू केले. दहा वर्षे नागरिक असलेले मजुमदार त्यात प्रथम बळी पडले. नागरिकत्वास अपात्र असलेल्या परदेशी व्यक्तींना शेतजमीन बाळगण्यास कॅलिफोर्नियात बंदी होती. ती आता पंजाबी शेतकऱ्यांनाही लागू झाली. इम्पिरियल खोऱ्यात वाळवंटी जमीन लागवडीस आणणाऱ्या कित्येकांना आपली शेती विश्वासू गोऱ्या परिचितांच्या किंवा अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावे करावी लागली. १९२२ च्या कायद्यानुसार नागरिकत्वास अपात्र पुरुषाशी विवाह करणारी अमेरिकी स्त्री स्वतःचेही नागरिकत्व गमावत असे.

पेशावरचे वैष्णोदास बगाई १९१५ मध्ये पत्नी आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला आले होते. त्यांनी दुकान थाटले आणि १९२१ मध्ये नागरिकत्व मिळवले. ते काढून घेतले गेल्यावर त्यांची मालमत्ताही गेली. मायदेशी जाऊन येण्यासाठीही ब्रिटिश प्रजाजन म्हणून पारपत्र घ्या, असे त्यांना सुचवण्यात आले. ज्या सत्तेला नाकारून त्यांनी देश सोडला होता, तिच्याच आश्रयाला जाणे त्यांना मान्य नव्हते. मार्च १९२८ मध्ये त्यांनी आपले जीवन संपवले आणि त्यामागची कारणे वृत्तपत्राला लिहिलेल्या पत्रात नोंदवून ठेवली.

सरकारच्या या मोहिमेला अखेर ज्यांनी अडवले ते सखाराम गणेश पंडित होते. त्यांच्याही नागरिकत्वाविरुद्ध खटला दाखल झाला. वंशाचा मुद्दा आता संपला होता, म्हणून त्यांनी वेगळी मांडणी केली. १९१४ मध्ये न्यायालयाने सर्व बाजू ऐकून नागरिकत्व दिले, सरकारने तेव्हा अपील केले नाही, आणि त्या निर्णयावर विसंबून आपण वकिली स्वीकारली, विवाह केला, मालमत्ता घेतली. आता तो निर्णय फिरवल्यास व्यवसाय जाईल आणि पत्नीलाही तिच्या देशाचे नागरिकत्व गमवावे लागेल, असे त्यांनी दाखवून दिले. खालच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची याचिका दाखल करून घेण्यास नकार दिला. त्यानंतर सरकारने अशा प्रकारचे उरलेले खटले सोडून दिले. थिंद यांच्या पराभवात सहभागी असलेल्या वकिलाने स्वतःच्या खटल्यातून इतर भारतीयांची सुटका केली.

थिंद मात्र नागरिकत्वाविना राहिले. त्यांनी अमेरिका सोडली नाही. निकालानंतरची वर्षे त्यांनी अध्ययनात आणि व्याख्यानांत घालवली. शीख गुरूंची शिकवण, वेदान्त, कबीर आणि आपले आवडते अमेरिकी लेखक यांचा मेळ घालीत ते गावोगावी अध्यात्मावर बोलत. त्यांच्या व्याख्यानांना प्रामुख्याने गोरे अमेरिकी श्रोते येत. त्यांनी अनेक पुस्तके लिहिली, त्यांपैकी रेडियंट रोड टू रिअॅलिटी हे विशेष परिचित आहे. आपला धर्म बदलण्याचा आग्रह त्यांनी श्रोत्यांना केला नाही, आणि स्वतःची पगडी व दाढीही ठेवली.

१९३५ मध्ये अमेरिकी संसदेने एक कायदा केला. महायुद्धात अमेरिकेच्या बाजूने सेवा बजावलेल्या आणि वंशामुळे अपात्र ठरलेल्या आशियाई सैनिकांना नागरिकत्वाची वाट त्याने मोकळी करून दिली. थिंद यांनी न्यूयॉर्कमध्ये अर्ज केला आणि १९३६ मध्ये त्यांना तिसऱ्यांदा नागरिकत्व मिळाले. या वेळी ते कोणी काढून घेतले नाही. सैन्यातील ज्या सेवेच्या बळावर त्यांनी १९१८ मध्ये पहिला दाखला मिळवला होता, त्याच सेवेच्या बळावर अठरा वर्षांनी तो कायमचा त्यांच्या हाती आला. १९४० मध्ये त्यांनी व्हिव्हियन डेव्हिस यांच्याशी विवाह केला.

इतर भारतीयांना आणखी दहा वर्षे थांबावे लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जे. जे. सिंग आणि त्यांच्या इंडिया लीगने वॉशिंग्टनमध्ये सतत प्रयत्न केले. लूस-सेलर कायद्यावर राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी २ जुलै १९४६ रोजी स्वाक्षरी केली. त्याने भारतीयांना नागरिकत्वाचा अधिकार दिला आणि वर्षाला शंभर जणांना प्रवेश खुला केला. संख्या नाममात्र असली, तरी १९२३ चा निकाल त्या दिवशी भारतीयांपुरता निष्प्रभ झाला. १९५२ मध्ये नागरिकत्वाच्या कायद्यातून वंशाची अट पूर्णपणे गेली.

त्याचे फळ थिंद यांना डोळ्यांनी पाहता आले. अमृतसर जिल्ह्यातच जन्मलेले दलीपसिंग सौंद इम्पिरियल खोऱ्यात शेती करीत होते. अपात्रतेच्या कायद्यांचा जाच त्यांनीही सोसला होता. १९४९ मध्ये ते नागरिक झाले आणि १९५६ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहावर निवडून आले. आशियाई वंशाची व्यक्ती त्या सभागृहात निवडून जाण्याची ती पहिलीच वेळ होती. देशवार कोट्यांची जुनी पद्धत १९६५ मध्ये रद्द झाली आणि भारतातून अमेरिकेकडे जाणारा आजचा मोठा ओघ सुरू झाला. पुण्या-मुंबईतून, नागपूर-कोल्हापुरातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे तेथील स्थैर्यही त्याच बदलावर उभे आहे.

१५ सप्टेंबर १९६७ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी, भगतसिंग थिंद यांचे निधन झाले. तेव्हा ते अमेरिकेचे नागरिक होते. सर्वोच्च न्यायालयाने आपला १९२३ चा निकाल स्वतःहून कधी मागे घेतला नाही. तो निरर्थक केला तो संसदेने, आणि संसदेला तसे करणे भाग पडले ते तीन दशके अर्ज, अपिले आणि निवेदने करीत राहिलेल्या मूठभर भारतीयांमुळे. त्या प्रदीर्घ लढ्यात सर्वांत मोठा पराभव थिंद यांच्या वाट्याला आला होता, आणि त्यानंतरही त्यांनी त्या देशावरचा आपला हक्क सोडला नव्हता.